कुजेल, पण कुठे?

आमच्या पुण्यातल्या सोसायटीतला ओला कचरा जिरवायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. गच्चीवर जाळीचे डबे, कोकोपीट, थोडं आंबट ताक आणि अधूनमधून खालीवर करणं, एवढाच पसारा. 'पर्यावरणपूरक' म्हणून छापलेल्या वस्तू दुकानात कशा दिसतात ते सगळेच पाहतात. त्यांचं पुढे काय होतं ते या कामामुळे मला पाहायला मिळतं.

सगळ्यांत जास्त शिकवलं ते कंपोस्टेबल पिशवीने. फिकट हिरवा रंग, कोपऱ्यात पान, खाली 'शंभर टक्के कंपोस्टेबल'. रहिवासी अशा पिशवीत कचरा बांधून मोठ्या समाधानाने देतात. मीही काही पिशव्या तशाच डब्यात राहू दिल्या. केळीची सालं गेली, मेथीचे देठ गेले, नारळाच्या शेंड्यासुद्धा मऊ पडल्या. खत चाळायला घेतलं तेव्हा पिशवी चाळणीवर राहिली. जरा ठिसूळ झाली होती, कडा फाटल्या होत्या, पण पान ओळखू येत होतं.

मग मानक शोधलं. या पिशव्यांना आयएस/आयएसओ १७०८८ लागू होतं. त्यातली चाचणी साधारण ५८ अंश सेल्सिअसला होते आणि १८० दिवसांत पिशवीतल्या नव्वद टक्के कार्बनचं कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर व्हावं लागतं. एवढी उष्णता दिवसेंदिवस टिकते ती मोठ्या खतप्रकल्पात, जिथे टनावारी ढीग असतो आणि हवा-ओलावा राखला जातो. गच्चीवरच्या डब्यात तेवढा ढीगच नसतो. नाल्यात तेवढी उष्णता नसते, रस्त्याकडेच्या उकिरड्यावरही ती टिकत नाही. शिवाय हीच पिशवी चुकून साध्या प्लॅस्टिकच्या भंगारात गेली, तर तो मालही बिघडवते.

तेव्हा कंपनी खोटं बोलली का? नाही, आणि खरी पंचाईत तीच आहे. पिशवी कुजते हे खरं. कुठे कुजते तेवढं सांगितलेलं नाही. पर्यावरणाच्या नावाने होणारी बहुतेक फसवणूक धडधडीत खोट्याची नसते. ती अटी गाळलेल्या खऱ्याची असते, म्हणून पकडायला कठीण.

धडधडीत खोट्याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण फोक्सवॅगनचं. अमेरिकेत ही कंपनी आपल्या गाड्या 'स्वच्छ डिझेल' म्हणून खपवत होती. सप्टेंबर २०१५ मध्ये तिथल्या सरकारी पर्यावरण संरक्षण संस्थेने उघड केलं की गाडीतल्या सॉफ्टवेअरला आपली चाचणी चालू आहे हे कळतं. चाचणीपुरतं प्रदूषण-नियंत्रण पूर्ण चालायचं, रस्त्यावर सैल पडायचं. नायट्रोजन ऑक्साइडचं प्रमाण मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत जायचं. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या होत्या. पुणेकरांना हे लांबचं वाटायचं कारण नाही. चाकणला या कंपनीचा कारखाना आहे, इथल्या गाड्यांची तपासणी पुण्याच्याच एआरएआय या वाहन-तपासणी संस्थेने केली आणि भारतातल्या सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावण्याचं ठरलं. तिथे सरळ लबाडी होती, पिशवीत ती नाही. पण दाखला दोन्हीकडे प्रयोगशाळेचा आणि धूर काय, कचरा काय, आपल्या रस्त्यावर.

२०१८ च्या प्लॅस्टिकबंदीनंतर महाराष्ट्रात 'कापडी' पिशव्यांचं पेव फुटलं, तेव्हा हाच खेळ स्वस्तात पाहायला मिळाला. मिठाईवाल्यापासून साडीच्या दुकानापर्यंत सगळीकडे ती रंगीत, जाळीदार पोताची पिशवी. ती नॉन-वोव्हन, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचे तंतू उष्णतेने दाबून केलेली, प्लॅस्टिकच. खात्री करायची तर एक धागा काडीपेटीवर धरावा. सुती धाग्याची राख होते, हा आकसून टणक गोळी होतो. कागदी कपाचीही तीच कथा. आत पॉलिथिनचा पातळ थर नसेल, तर चहा संपायच्या आधी कप लोळागोळा होईल. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की अशा कपात शंभर मिलिलिटर गरम पाणी पंधरा मिनिटं ठेवलं, तर त्यात प्लॅस्टिकचे सुमारे पंचवीस हजार सूक्ष्म कण उतरतात. तरी लग्नाच्या पंगतीत हे कप 'इको-फ्रेंडली' म्हणून मांडलेले असतात, आणि स्टीलचे पेले आणा म्हटलं की लोक आपल्याकडे जुनाट म्हणून बघतात.

'रिसायकलेबल' या शिक्क्याचा निवाडा तर मी कंपनीकडे मागतच नाही. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करते. आमच्याकडे येणाऱ्या ताई वेफर्सचं चकचकीत पाकीट हाताला लागताच बाजूला टाकतात. त्रिकोणी बाणांची खूण दाखवली तर म्हणतात, "काकू, ह्याला भंगारवाला हात लावत नाही." प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सुटे करणं कुणाला परवडत नाही. बरं, तो त्रिकोण आणि त्यातला आकडा प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो, पुनर्वापराची हमी देत नाही. विकत घेणारा असेल तर वस्तूचा पुनर्वापर होतो. हे ताईंना रोजच्या वजनकाट्यावर कळतं.

यावर नियम उशिरा का होईना, आला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. नुसतं 'ग्रीन', 'नॅचरल', 'सस्टेनेबल' म्हणून आता भागत नाही; खुलासा आणि पुरावा जोडावा लागतो. 'कंपोस्टेबल', 'रिसायकलेबल' अशा नेमक्या दाव्यांना प्रमाणपत्र, विश्वासार्ह शास्त्रीय आधार किंवा स्वतंत्र पडताळणी हवी. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आजवर पुरावा शोधायचं ओझं गिऱ्हाइकावर होतं, ते विकणाऱ्याच्या खांद्यावर गेलं, हे मला यातलं मोलाचं वाटतं.

फटी आहेतच. सरसकट वापरलेला रंग किंवा चित्र दिशाभूल करत नसेल तर त्याला सूट आहे, आणि कंपनीचं सर्वसाधारण ध्येयवाक्यही यातून वगळलं आहे. म्हणजे पाकिटावरचं पान आणि 'आम्ही वसुंधरेसाठी कटिबद्ध' हे दोन्ही बहुधा सुखाने नांदतील. मोठ्या कंपनीला दहा लाख म्हणजे जाहिरातीच्या खर्चातला चिल्लर भाग, हेही आहेच. तरीही नियम निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. नियमाला दात येतात ते तक्रारींनी.

तेव्हा पुढच्या वेळी पिशवीवर 'कंपोस्टेबल' दिसलं, तर तिच्यावर उत्पादकाचं नाव आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रमाणपत्र क्रमांक आहे का ते पाहा. नसेल तर दुकानदाराला विचारा, फोटो काढून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.