माती शुद्ध झाली, हे कोणी ठरवायचं?

रावेतच्या बंधाऱ्यावर उचललेलं पवनेचं पाणी निगडीच्या सेक्टर २३ मधल्या केंद्रात शुद्ध होऊन पिंपरी-चिंचवडच्या नळांना येतं. जवळच देहूरोडचा दारूगोळा डेपो. त्याच्याभोवतीचा २००० यार्डांचा ‘रेड झोन’ इथल्या घराघरात ठाऊक आहे, पण तो आखला स्फोटाच्या भीतीने. दारूगोळ्याचं दुसरं भय आवाज करत नाही. जिथे बॉम्ब धुतले, रिकामे केले, तिथे टीएनटी मातीत मुरतं आणि आरडीएक्स भूजलाबरोबर दूरवर जातं.

अशी जमीन शुद्ध कशी करायची?

मनुस्मृतीत भूमिशुद्धीचे पाच उपाय आहेत: झाडणं, सारवणं, शिंपडणं, खरवडणं आणि गाई बसवणं. त्यात व्यवहारज्ञान आहेच. वरचा थर खरवडून नेणं आजही पहिली पायरी असते. पण शुद्धीची कल्पना माणसांवर चालवली गेली तेव्हा काय झालं, हे महाडने पाहिलं. मार्च १९२७ मध्ये दलितांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, म्हणून सनातन्यांनी १०८ घागरींनी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळं ‘शुद्ध’ केलं. पाण्यात विटाळ नव्हताच. त्याच वर्षी २५ डिसेंबरला तिथे मनुस्मृतीचं दहन झालं. आणि सत्तावीस वर्षांनी त्याच तारखेला, २५ डिसेंबर १९५४ रोजी, डॉ. आंबेडकरांनी याच देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली.

शेणाने माती खरोखर सुधारल्याचं उदाहरण अमेरिकेतल्या उमाटिलाचं आहे. तिथल्या लष्करी डेपोत १९५५ ते १९६५ या काळात बॉम्ब धुतलेलं पाणी उघड्या खड्ड्यांत सोडलं जाई. १९९०च्या दशकात ती माती शेणखत, भुसा, अल्फाल्फा आणि बटाट्याच्या टाकाऊ भागात मिसळून ढीग लावले, ते पुन:पुन्हा उलथले. जिवाणूंनी काम केलं. माती भट्टीत जाळण्यापेक्षा खर्च कमी आला, मातीही जिवंत राहिली. इथे शेण पवित्र होतं म्हणून चाललं नाही. नमुने तपासून, किलोमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा लावून ते चाललं.

तरी खरी अडचण पुढेच आहे. टीएनटीचा बराचसा भाग नष्ट होत नाही, रूप बदलून खताच्या कणांना घट्ट चिकटतो. भूजल उपसून सक्रिय कोळशातून गाळलं, तर विष कोळशात जातं आणि त्या कोळशाची वेगळी सोय लावावी लागते. म्हणून कुठल्याही पद्धतीला पहिला प्रश्न हवा: विष गेलं कुठे? उत्तर देणाऱ्यांत त्या जमिनीखालचं पाणी पिणारी माणसंही बसायला हवीत; विहिरीचा तपासणी अहवाल दरवर्षी त्यांच्या हातात, त्यांना वाचता येईल अशा मराठीत.