घराची किंमत वाढते तेव्हा

घरात घातलेला पैसा बुडत नाही, यावर आपल्या मध्यमवर्गाची गाढ श्रद्धा आहे. शेअरबाजारावरून वाद होतात, सोन्यावरूनही होतात. फ्लॅटबद्दल मात्र एकमत असतं. वीस वर्षांपूर्वी दहा लाखांना घेतलेला फ्लॅट आज चाळीस लाखांना जातो, असं सांगणारं कुणीतरी प्रत्येक नात्यागोत्यात सापडतं.

आधी हिशेब करू. वीस वर्षांत चौपट म्हणजे चक्रवाढीने वर्षाला साधारण सात टक्के. त्यातून मुद्रांक शुल्क, कर्जाचं व्याज, मेंटेनन्स आणि मालमत्ता कर वजा करा. भाडं मिळवा, पण कोटीच्या फ्लॅटला महिना पंचवीस हजार आले, तरी ते वर्षाला तीन टक्केच. शिवाय इमारत जुनी होत जाते. किंमत वाढते ती जमिनीची. आणि ती जमीन कित्येक सोसायट्यांच्या नावावर झालेलीच नाही. १९६३च्या मोफा कायद्याने बिल्डरवर घातलेलं कन्व्हेयन्सचं बंधन इतकं धाब्यावर बसवलं गेलं, की २००८मध्ये डीम्ड कन्व्हेयन्सची तरतूद करावी लागली. जमीन कधीच स्वस्त होत नाही, हेही खरं नाही. जपानमध्ये १९९१नंतर जमिनीच्या किमती घसरू लागल्या, त्या दहा वर्षांहून अधिक काळ घसरतच राहिल्या.

तरीही घटकाभर मान्य करू की घर ही भरवशाची गुंतवणूक आहे. मग हा भरवसा नेमका कशावर आहे?

बंद फ्लॅटमध्ये काही पिकत नाही. जवळून मेट्रो जाते, शाळा निघतात, नोकऱ्या येतात, आणि त्याचा भाव चढतो. यातलं काहीच मालकाने केलेलं नसतं. हेन्री जॉर्जने १८७९च्या 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी'मध्ये हेच मांडलं : जमिनीचं मूल्य समाज वाढवतो, तेव्हा ते करातून समाजाकडे परत यावं. त्याचा कर पटो न पटो, त्याचा प्रश्न टाळता येत नाही.

कारण किंमत पगारांपेक्षा वेगाने वाढली, तरच घर 'चांगली गुंतवणूक' ठरतं. म्हणजे माझ्यानंतर येणाऱ्याला तेच घर माझ्यापेक्षा जड जावं, यावर माझा फायदा उभा असतो. तो पुढचा माणूस बहुधा आपलाच मुलगा किंवा मुलगी असते. आपल्या फ्लॅटचा भाव चढावा आणि मुलांना याच शहरात परवडणारं घर मिळावं, या दोन्ही इच्छा एकदम पुऱ्या होणं कठीण आहे.

यावर दुसऱ्या बाजूचं म्हणणं खोटं नाही. खासगी नोकरी केलेल्याला बहुधा पुरेशी पेन्शन नसते. दुसरा फ्लॅट हीच त्याची म्हातारपणाची काठी. भाडेकरूची भीतीही हवेतून आलेली नाही. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याखाली गोठलेली भाडी मुंबईने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली. पण १९९९च्या कायद्यात लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर जागा परत मिळवण्याची वेगळी तरतूद आहे. तरीही २०११च्या जनगणनेत देशाच्या शहरांत एक कोटी दहा लाखांच्या आसपास घरं रिकामी होती.

राहतं घर हा निवारा आहे. त्याची वाढलेली किंमत बहुतांशी कागदावरच राहते. ते विकलं, तर दुसरं त्याच चढ्या भावात घ्यावं लागतं. त्यातून मिळते ती निश्चिंती, आणि ती मिळवण्यात काही गैर नाही. दुसऱ्या घराची गोष्ट वेगळी. ते भाड्याने दिलं, तर आपण कुणाची तरी गरज भागवून मोबदला घेतो. कुलूप लावून भाव चढायची वाट पाहिली, तर गरज भागत नाही, फक्त वाढते, आणि तीच आपण नफा म्हणून मोजतो. व्यवहार म्हणून हे शहाणपणाचं असेलही. पण आपण कशाची वाट पाहतो आहोत, हे त्या कुलपाची किल्ली खिशात ठेवताना माहीत असलेलं बरं.