दुसऱ्याच्या गावाचा त्याग

कुळासाठी एकाला सोडावं, गावासाठी कुळाला, देशासाठी गावाला. विदुराने धृतराष्ट्राला दिलेला हा सल्ला मराठी घरांत सुभाषित म्हणून माहीत असतो. धरण, महामार्ग किंवा विमानतळाची बाजू मांडणाऱ्यांना त्यातला तिसरा चरण फार सोयीचा पडतो. देशासाठी एखाद्या गावाने थोडं सोसलं, तर बिघडलं कुठे?

विदुर हे कुणाला सांगतो आहे, ते मात्र पाहायला हवं. समोर बाप बसला आहे आणि सोडायचा आहे तो त्याचाच मुलगा, दुर्योधन. विदुराने शेजाऱ्याचं पोर मागितलेलं नाही. शिवाय या सुभाषिताला चौथा चरणही आहे: आत्म्यासाठी अख्खी पृथ्वी सोडावी. तो भूमिपूजनाच्या भाषणांत सहसा ऐकू येत नाही. ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’चं तेच झालं आहे. आज हे शब्द एसटीचं ब्रीद म्हणून ओळखीचे आहेत. बुद्धाने ते सांगितले भिक्षूंना, म्हणजे ज्यांनी आपलं घरदार आधीच सोडलं होतं त्यांना. दोन्हीकडे अट एकच, आधी आपलं सोडा. विकासाच्या व्यवहारात ही अट नेमकी कुठे गळते, हे पाहायला पुणेकराला लांब जावं लागत नाही. ताम्हिणीच्या वाटेवर मुळशीपर्यंत गेलं तरी पुरतं.

मुळा आणि नीळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटांच्या वीज कंपनीने धरण घातलं. नद्यांचा स्वाभाविक ओढा पूर्वेकडे, पुण्याच्या दिशेने. धरणाने पाणी अडवलं, पश्चिमेला वळवलं आणि घाटाखाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरात सोडलं. सह्याद्रीचा कडा हाच या योजनेचा खरा नफा होता. इतकी उंची फुकट मिळत असताना कोळसा कोण जाळणार? वीज गेली मुंबईला. पाण्याखाली गेली ती आंबेमोहोर पिकवणारी मावळातली भातखाचरं.

सरकारने 1894 च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन एका खासगी कंपनीसाठी जमीन घेतली. कारण दिलं ते सार्वजनिक हिताचं. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, मावळे सत्याग्रहाला बसले. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते या लढ्यात. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’.

मावळ्यांसमोर एकटे टाटा असते तर ही गोष्ट सोपी होती. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा बारकाईने अभ्यास केला, आणि त्यात पुण्याला न आवडणारा एक धागा आहे. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनींचे कागद पुण्याच्या सावकारांच्या पेटीत होते. पुण्यात लढ्याला पाठिंबा होता, सभा होत होत्या. पण सावकाराला हवी होती वाढीव भरपाई आणि मावळ्याला हवी होती जमीन. एकाच जमिनीबद्दल दोघांच्या मनात दोन वेगळ्या गोष्टी. भरपाईचा आकडा सुधारला तसं एकाचं दुःख हलकं झालं, दुसऱ्याचं तिथेच राहिलं. लढा मोडला. 1927 मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं.

मग मुळशीचा त्याग केला कुणी? कंपनीने नाही, सरकारने नाही, सावकाराने तर नाहीच. मावळ्यानेही केला नाही, कारण त्याच्याकडून तो काढून घेतला गेला. गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार आहेत. पोलिस बंदोबस्तात करवून घेतलेला त्याग त्यातल्या एकातही बसत नाही.

बापटांचं उदाहरण इथे मुद्दाम घ्यावंसं वाटतं. ते पारनेरचे, मुळशीत त्यांचं खाचर नव्हतं. म्हणजे ‘जान किंवा जमीन’ म्हणणारा माणूसही एका अर्थी दुसऱ्याच्याच जमिनीबद्दल बोलत होता. फरक इतकाच, की जान त्यांनी स्वतःची लावली. पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले आणि 1924 च्या अखेरीस धरणाच्या कामाची रेल्वे अडवल्याबद्दल सात वर्षांची सजा घेतली. रेल्वे अडवण्याचा तो मार्ग पटो न पटो, विदुराची अट त्यांनी पाळली.

या वादाचं तत्त्वज्ञान मुळशीच्या आधीच पुण्यात छापून झालं होतं, हे आणखी विशेष. 1915 साली निघालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी ‘पुष्कळांचे पुष्कळ सुख’ या पाश्चात्त्य कसोटीची झाडाझडती घेतली आहे. डोकी मोजून न्याय ठरत असेल तर कौरवांच्या बाजूला अकरा अक्षौहिणी होत्या आणि पांडवांच्या बाजूला सातच. मग पांडवांचा पक्ष अन्यायाचा म्हणायचा का, असा त्यांचा सवाल. त्याच प्रकरणात ते अमेरिकेतल्या एका शहराचा दाखला देतात. ट्रामची लोकांना गरज, मंजुरी रखडलेली. व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच दिली आणि ट्राम धावू लागली. लोकांची सोय झाली, तरी खटला झाला आणि तो दोषी ठरला. टिळकांचं म्हणणं असं, की बाहेर दिसणारा परिणाम पुरेसा नाही. करणाऱ्याची बुद्धी तपासावी लागते.

ही ट्राम पुढे आफ्रिकेत भेटते. लेसोथो हा चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला डोंगराळ देश. त्याचा सर्वांत सखल भागही समुद्रसपाटीपासून सुमारे 1,400 मीटर उंच आहे. विकायला तिथे मुख्यतः पाणी, आणि गिऱ्हाईक एकच, शेजारचं जोहान्सबर्ग. 1986 मध्ये दोन्ही देशांनी करार केला तेव्हा लेसोथोत त्याच वर्षी सत्तेवर आलेलं लष्करी सरकार होतं आणि पलीकडे वर्णद्वेषी राजवट. डोंगरातल्या गावांना विचारायचा रिवाज दोघांकडेही नव्हता. 185 मीटर उंचीचं काट्से धरण उभं राहिलं, मग मोहाले, आणि बोगद्यांतून पाणी उत्तरेला निघालं.

फायदा झाला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. सरकारी तिजोरीत दरवर्षी स्वामित्वधन येतं, दुर्गम डोंगरांत रस्ते गेले, मुएलाच्या वीजघरातून देशाला स्वतःची वीज मिळाली. बुडालेल्या शेतांसाठी पन्नास वर्षं दरवर्षी धान्य किंवा पैसे द्यायचं ठरलं. मुळशीच्या मानाने ही भरपाई पुष्कळच बरी. पण धरणाच्या पोटात कबरीही होत्या. बासोथो लोकांच्या श्रद्धेत पूर्वज, म्हणजे ‘बालिमो’, घरातल्या माणसांसारखेच हजर असतात. त्यांची हाडं उकरून दुसरीकडे पुरली गेली. या हलवाहलवीचा खर्च हिशेबात धरता येतो. आजोबांची संमती कोणत्या रकान्यात धरायची?

आणि लाच? लेसोथोच्या प्रकल्प प्राधिकरणाचे मुख्याधिकारी मासुफा सोले यांना 2002 मध्ये परदेशी कंत्राटदारांकडून लाच घेतल्याबद्दल तुरुंगवास झाला. एवढ्यावर न थांबता त्या चिमुकल्या देशाने बड्या परदेशी कंपन्यांनाच कोर्टात खेचलं, आणि कॅनडाची एकर्स दोषी ठरली. पाणी वाहत होतं, पैसे येत होते, तरी न्यायालयाने बुद्धी तपासली. ‘गीतारहस्य’ वाचलेल्याला हा निकाल ओळखीचा वाटेल.

धरणं बांधूच नयेत, असा निष्कर्ष यातून निघत नाही. मुंबईच्या गिरण्यांत राबणारे कित्येक जण कोकणातून आणि घाटावरूनच गेलेले होते, त्यांच्या पोटाचा प्रश्नही खरा होता. आक्षेप आहे तो हिशेबाला धर्माची भाषा लावण्यावर. कंपनीला जमीन हवी असेल तर तिने ती मागावी, भाव करावा, नकार ऐकायची तयारी ठेवावी. सरकारला सक्ती करायची असेल तर तिला सक्तीच म्हणावं आणि तिची पूर्ण किंमत मोजावी. ज्याचं गेलं त्याच्या गळ्यात ‘त्याग’ नावाचा हार घालून वर त्याच्याकडून समाधानाची अपेक्षा करणं, ही मात्र लबाडी आहे.

पुणे आता वाढतंच चाललं आहे आणि मुळशीचं पाणी शहराला पिण्यासाठी मिळावं, ही मागणी गेली कित्येक वर्षं होते आहे. मागणी गैर नाही; ते पाणी मुळात याच बाजूला वाहत होतं. पण पुणेकरांनी ते मागताना फक्त मंत्रालय आणि कंपनीशी बोलून थांबू नये. आधी जलाशयाकाठच्या गावांच्या ग्रामसभांपुढे जावं, त्यांच्या नळाला पाणी आहे का ते विचारावं, आणि त्या बदल्यात शहर स्वतःचं काय सोडणार ते तिथेच सांगावं.