शस्त्रत्याग : सक्तीचा आणि संमतीचा

हैदराबादेत मलकपेठेलगत आस्मानगढच्या टेकडीवर काळ्या दगडाचा एक उंच स्तंभ उभा आहे. मिशेल जोआकिम मारी रेमाँ या फ्रेंच सरदाराची ती समाधी होय. निजामाच्या पदरी राहून त्याने पाश्चात्य कवायतीच्या पलटणी उभ्या केल्या, तोफा ओतण्याचा कारखाना काढला आणि २५ मार्च १७९८ रोजी तो हैदराबादेतच वारला. हिंदूंनी त्याचा मुसाराम केला, मुसलमानांनी मुसा रहीम. जवळच्या मुसारामबागेच्या नावात तो आजही नांदतो आहे. मराठी वाचकांस तो सर्वस्वी परका नाही. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याच्या रणांगणावर मराठी फौजांसमोर जे कवायती पायदळ उभे राहिले, ते याच रेमाँचे.

या स्तंभाची आठवण आम्हांस झाली ती एका आधुनिक प्रश्नाच्या निमित्ताने. एखाद्या राष्ट्रापाशी असलेला विषारी अस्त्रांचा साठा अनेक राष्ट्रांनी मिळून नष्ट करावा, हा प्रकार गेल्या काही दशकांत जगाने पाहिला. तो नैतिक दृष्ट्या कसा तोलावा? बलवानाने दुबळ्याचे हत्यार काढून घेतले, एवढाच त्याचा अर्थ की त्याहून काही अधिक? या प्रश्नाचा विचार करण्यास रेमाँच्या समाधीइतकी योग्य जागा आम्हांस दुसरी सुचत नाही. कारण त्याच्या मृत्यूनंतर सात महिन्यांच्या आत याच शहरात एक मोठे निःशस्त्रीकरण घडले.

१ सप्टेंबर १७९८ रोजी निजामाने ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. फ्रेंचांच्या हाताखालील पलटणी मोडाव्यात, त्यांच्या जागी कंपनीच्या सहा पलटणी ठेवाव्यात आणि त्यांच्या खर्चासाठी निजामाने वर्षाला सुमारे चोवीस लाख रुपये द्यावेत, असे ठरले. निजामाचे मन ऐनवेळी कचरले. तथापि रेसिडेंट कर्कपॅट्रिक याने तगादा सोडला नाही. २२ ऑक्टोबर रोजी कंपनीच्या फौजेने फ्रेंच छावणीस वेढा घातला. आत शिपाई थकलेल्या पगारासाठी आपल्याच अधिकाऱ्यांवर उठले होते. दहा हजारांहून अधिक कवायती शिपायांनी हत्यारे खाली ठेविली आणि रक्तपात झाला नाही.

रक्तपात झाला नाही ही गोष्ट थोडी नव्हे. परंतु त्या दिवसास शांततेचा विजय म्हणावयास आमची जीभ रेटत नाही. ज्यांनी हत्यारे ठेविली त्यांस कोणी विचारले नव्हते, आणि ज्याने तहावर शिक्का उठविला तोही मनापासून राजी नव्हता. ज्यांनी हत्यारे घेतली त्यांच्यावर स्वतःची हत्यारे ठेवण्याचे कोणतेच बंधन नव्हते. आणि या दोघांच्या व्यवहारावर नजर ठेवणारा तिसरा कोणी नव्हता. परिणाम काय झाला हे सर्वांस ठाऊक आहे. शस्त्र नाहीसे झाले नाही. त्याने केवळ धनी बदलला. फौजेच्या खर्चाचा हाच मार्ग पुढे इतका लांबला की १८५३ मध्ये हैदराबाद कंटिंजंटच्या खर्चापोटी निजामास वऱ्हाड कंपनीच्या हवाली करावा लागला. तेव्हा निःशस्त्रीकरणाच्या कोणत्याही गोष्टीस तीन प्रश्न विचारावेत असे आम्हांस वाटते. देणाऱ्याची संमती होती काय? घेणारा त्याच नियमाने बांधलेला होता काय? आणि पाहणारा तिसरा कोणी होता काय?

आता विषारी अस्त्रांकडे वळू. येथे आरंभीच एक आक्षेप उभा राहतो. बाँबने माणूस मारणे चालते आणि वायूने मारणे चालत नाही, हा कुठला न्याय? पुढे भारताचे नागरिकत्व पत्करून १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारलेले प्रख्यात शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२५ मध्ये एक छोटे पुस्तक लिहून वायुयुद्धाचे समर्थन केले होते. तोफेच्या गोळ्याने जितके जखमी दगावतात त्या मानाने मस्टर्ड वायूने फार थोडे दगावतात, सबब हे अस्त्र कमी क्रूर, असा त्यांचा युक्तिवाद होता. आकड्यांपुरता तो खोटा म्हणता येणार नाही. परंतु पहिल्या महायुद्धात हा वायू ज्यांच्यावर पडला ते मुखवटे असलेले शिपाई होते. १६ मार्च १९८८ रोजी इराकी विमानांनी हलब्जा या कुर्द गावावर विष टाकले, तेव्हा तळघरांत लपलेल्या बायकामुलांपाशी कसला मुखवटा असणार? बाँब चुकविण्यासाठी माणूस खाली तळघरात जातो. हवेहून जड असलेला वायू त्याच्या पाठोपाठ खाली उतरतो. आसऱ्याची जागाच जे अस्त्र मरणाची करते, त्याचे मोजमाप केवळ मृतांच्या टक्केवारीने होत नाही.

आपल्या परंपरेसही हा भेद अपरिचित नव्हता. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात विषाने माखलेल्या शस्त्रांनी लढू नये असे राजास बजाविले आहे. पण केवळ एवढेच सांगून थांबलो तर ती आत्मवंचना होईल. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील चौदाव्या अधिकरणात शत्रूस आंधळे करणाऱ्या व मारणाऱ्या धुरांच्या कृती सविस्तर दिल्या आहेत. एकीकडे निषेध आणि दुसरीकडे कृती, असे आपले घर प्राचीन काळापासून दुभंगलेले आहे. आणि जगातील इतरांचेही तसेच.

जिनिव्हा येथे १९२५ मध्ये झालेल्या करारानेही हीच दुभंगलेली स्थिती कायद्यात आणली. त्याने विषारी वायू वापरण्यास बंदी केली, बाळगण्यास केली नाही. ज्या ब्रिटिश सरकारने त्यावर सही केली, त्याच्याच शास्त्रज्ञांनी पुढील दशकात रावळपिंडी येथे हिंदी शिपायांवर मस्टर्ड वायूचे प्रयोग केले. याच सरकारसाठी लढताना हिंदी शिपायांनी एप्रिल १९१५ मध्ये ईप्र येथे क्लोरीनचा मारा छातीवर झेलला होता आणि त्या वायूतून आपले अधिकारी वाचविणाऱ्या मीर दस्त या जमादारास व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. जानेवारी १९९३ मध्ये पॅरिस येथे सहीसाठी खुला झालेला आणि २९ एप्रिल १९९७ पासून अमलात आलेला करार मात्र वेगळ्या जातीचा निघाला. त्याने बनविणे, साठविणे आणि वापरणे ही तिन्ही निषिद्ध ठरविली. साठा असेल तर तो सांगावा, निरीक्षकांस दाखवावा आणि त्यांच्यासमक्ष नष्ट करावा असे ठरविले. मोठ्या राष्ट्रास एक नियम व लहानास दुसरा असे त्यात नाही. अण्वस्त्रांच्या बाबतीत १९६८ च्या करारास भेदभावाच्या कारणावरून नाकारणाऱ्या भारताने या करारास संमती दिली, तिचे हे एक मोठे कारण होते.

आणि येथेच आपली स्वतःची गोष्ट सुरू होते. ऑगस्ट १९९२ मध्ये भारत व पाकिस्तान यांनी नवी दिल्ली येथे संयुक्त घोषणा केली की आपण रासायनिक अस्त्रे कधीही बनविणार नाही, मिळविणार नाही आणि वापरणार नाही. पाच वर्षांनी, जून १९९७ मध्ये, करारान्वये कबुली देण्याची वेळ आली तेव्हा भारताने आपल्यापाशी अशा अस्त्रांचा साठा असल्याचे जाहीर केले. तो १,०४४ टन मस्टर्डचा होता. ज्या देशाने अहिंसेचा शब्द जगास ऐकविला, त्याच्या कोठारात हे विष होते.

यात आम्हांस लाज वाटावी की अभिमान? आमचे उत्तर असे की दोन्ही, पण क्रम महत्त्वाचा आहे. लाज अगोदर. ती टाळून अभिमानाकडे धावणारा मनुष्य आपल्या शब्दाची किंमत कधीच वाढवू शकत नाही. परंतु लाजेनंतर जे घडले ते खरोखर मोलाचे आहे. परक्या निरीक्षकांस आपल्या कोठारात बोलावणे कोणत्याही सार्वभौम राष्ट्रास सुखाचे नसते. भारताने ते केले, २००० साली त्यासाठी कायदा केला आणि २००९ च्या वसंतात शेवटचा टन नष्ट केला. आल्बानिया व दक्षिण कोरिया यांच्यानंतर हे काम पुरे करणारे ते तिसरे राष्ट्र ठरले. कबुलीने शेजारी बिथरेल अशी भीती होती, आणि पाकिस्तानने दोषही दिला. तरीही त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पाकिस्तानने या करारास संमती दिली. आमच्या तीन प्रश्नांना येथे बऱ्यापैकी समाधानकारक उत्तरे मिळतात. देणारा राजी होता, नियम सर्वांना एक होता आणि पाहणारा तिसरा हजर होता.

सीरियाची परीक्षा याहून अवघड. २१ ऑगस्ट २०१३ रोजी दमास्कसजवळच्या घूता भागात सारीन वायूने शेकडो नागरिक गुदमरून मेले. अमेरिकेने हल्ल्याची धमकी दिली, रशियाने मध्यस्थी केली आणि सीरिया करारात सामील झाला. ही संमती धमकीच्या छायेतील होती, हे मान्य केलेच पाहिजे. पण पुढचे काम पाहा. चाललेल्या यादवीतून सुमारे १,३०० टन रसायने लताकिया बंदरात आणावयाची होती. डेन्मार्क व नॉर्वे यांनी जहाजे दिली, रशिया व चीन यांच्या युद्धनौकांनी सोबत केली, भारताने दहा लक्ष डॉलर दिले. मग प्रश्न आला की हे विष मोडावयाचे कोठे? आपला साठा सर्वांत आधी नष्ट करणाऱ्या आल्बानियास विचारले, तर तेथील लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारने नकार दिला. इटलीतील ज्या बंदरात रसायने एका जहाजावरून दुसऱ्यावर चढविली, तेथेही लोकांनी विरोध केला. अखेर २०१४ च्या उन्हाळ्यात केप रे या अमेरिकन जहाजावर, भूमध्य समुद्राच्या मध्यावर, त्यांतील सुमारे सहाशे टनांचे विघटन झाले आणि उरलेले सांडपाणी जर्मनी व फिनलंड यांनी आपल्या भूमीवर घेऊन जाळले.

आल्बानियाच्या लोकांस आम्ही दोष देत नाही. विष नाहीसे व्हावे असे सर्वांस वाटते, पण ते आपल्या अंगणात नाहीसे व्हावे असे कोणासच वाटत नाही. भोपाळनंतर ही भीती आपणांस कोणी समजावून सांगावयास नको. परंतु म्हणूनच, ज्यांनी ते सांडपाणी स्वीकारले त्यांचे कृत्य आम्हांस सभांतील भाषणांहून मोठे वाटते. सहकार्य या शब्दाचा अर्थ परक्याच्या विषाचा थोडा वाटा आपल्या दारी येऊ देणे असा आहे.

हे सर्व निर्दोष होते असे मात्र कोणी समजू नये. सीरियाने आपला साठा पूर्ण सांगितला नव्हता. एप्रिल २०१७ मध्ये खान शैखून येथे पुन्हा सारीनने माणसे मेली. सीरियाकडून साठा घेणाऱ्या दोन महासत्तांपाशी त्या वेळी स्वतःचे साठे शिल्लकच होते. दोघांनीही २०१२ ची मुदत चुकविली. रशियाचा साठा २०१७ मध्ये आणि अमेरिकेचा जुलै २०२३ मध्ये संपला. पाहणाऱ्या तिसऱ्यावरही दडपण आले. हेग येथील संघटनेचे पहिले महासंचालक, ब्राझीलचे जोझे बुस्तानी, यांस अमेरिकेच्या आग्रहावरून २००२ मध्ये पदावरून काढण्यात आले. तो निर्णय बेकायदा असल्याचा निवाडा पुढे झाला, पण पद गेले ते गेलेच. याच संघटनेस २०१३ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तरीही मलकपेठेची १७९८ ची गोष्ट आणि ही गोष्ट एकच नव्हे. कंपनीने घेतलेल्या बंदुका कंपनीच्या झाल्या. सीरियाचे विष कोणाचेच झाले नाही. कंपनीस हिशेब विचारणारा कोणी नव्हता. अमेरिका व रशिया यांस उशिरा का होईना, त्याच निरीक्षकांपुढे आपली कोठारे रिकामी करावी लागली. जगाने जाहीर केलेला बहात्तर हजार टनांहून अधिक साठा आज नष्ट झाला आहे. हे परस्परांवरील विश्वासाने झाले नाही. अविश्वास असूनही झाले. एकमेकांचे शब्द खरे मानण्याची कोणावर सक्ती नव्हती. ते तपासू देण्याची मात्र सर्वांवर होती. माणसांच्या व्यवहारात पुष्कळदा विश्वास अशाच मार्गाने, मागाहून येतो.

एक खंत मात्र आम्हांस लपवावीशी वाटत नाही. आपल्या १,०४४ टनांचा तपशीलवार हिशेब हेगहून आलेल्या निरीक्षकांनी पाहिला. तो साठा कोणी, केव्हा व कशासाठी जमविला, हे ज्यांच्या नावाने आणि ज्यांच्या करातून तो जमला त्या नागरिकांपुढे त्या तपशिलाने कधीच मांडले गेले नाही. आणि आम्हीही ते आग्रहाने विचारले नाही. १७९८ मध्ये छावणीतील शिपायांस कोणी विचारले नाही, ते साम्राज्याचे दिवस होते. लोकशाहीत न विचारले जाण्याची सबब तेवढी भक्कम नाही. आज जे हैदराबाद औषधे व रसायने यांच्या कारखान्यांवर पोसले जात आहे, तेथे हा प्रश्न जुना झालेला नाही. लेखणीच्या शाईत जाणाऱ्या द्रव्यापासून मस्टर्ड होते आणि कीटकनाशकाच्या कच्च्या मालापासून सारीन. अशा द्रव्यांच्या नोंदवह्या खऱ्या राहाव्यात, ही जबाबदारी केवळ हेगच्या पाहुण्यांची नव्हे. पाहणारा तिसरा बाहेरून येतो तसा घरातही असावा लागतो, आणि घरातला तो तिसरा म्हणजे आम्ही व आमचे वाचक.