उद्याची आठवण

उन्हाळ्यात पहाटेच वरणगावातल्या घरांच्या धाब्यांवर, म्हणजे सपाट छतांवर, ओलं धोतर अंथरलं जातं. ज्वारीचा घाटा शिजलेला असतो. आयाबहिणी त्या धोतरावर गरम घाट्याच्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, थापतात. शेजारीण न बोलावता मदतीला येते. पोरं वाटीभर घाटा मागून घेतात. ऊन आजचं, घास पावसाळ्यातला. ही उद्याची आठवण.

भाजी महागते, तेव्हा वाळलेल्या बिबड्यांचा डबा उघडतो. रात्री भिजवलेली मटकीही अशीच कामी येते. सकाळी दुकानाकडे धाव नाही. हातचे पैसे हातात राहतात.

उद्याची आठवण ठेवणारा माणूस शब्दही जपून वापरतो. कुणाला ऐनवेळी ताटकळत ठेवत नाही. मला तर ही आठवण आधी माया वाटते, काटकसर नंतर.

आज दिवा मालवण्यापूर्वी डब्यांची झाकणं उघडून पाहा. आणि मूठभर कडधान्य भिजत घाला.