प्रश्न किती कापले याचा नाही

१९५८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने जागतिक आरोग्य संघटनेला विनंती केली: मुलींच्या जननेंद्रियांवर होणाऱ्या कापाकापीचा अभ्यास करा. पुढच्याच वर्षी नकार आला. हे विधी सामाजिक-सांस्कृतिक आहेत, आमच्या कक्षेत बसत नाहीत, असे संघटनेचे म्हणणे. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, बाळंतपणातली गुंतागुंत समोर दिसत असताना जगातल्या सर्वोच्च आरोग्यसंस्थेने परंपरेपुढे हात टेकले.

ही भूमिका बदलायला वीस वर्षे लागली. इजिप्तच्या डॉक्टर नवाल अल सादवी यांचा लहानपणी खतना झाला होता. त्यांनी १९७२ मध्ये या विषयावर उघड लिहिले आणि आरोग्य मंत्रालयातले पद गमावले. १९७९ मध्ये आरोग्य संघटनेच्याच खार्टुम परिसंवादात ही प्रथा बंद व्हावी अशी शिफारस झाली. मात्र युक्तिवाद आरोग्याचा होता आणि त्यातच मेख होती. धोका जंतूंचा असेल, तर दाईऐवजी डॉक्टर बोलवा, पाते निर्जंतुक करा, म्हणजे तक्रार संपली! इजिप्तमध्ये नेमके हेच झाले. कापण्याचे काम पुढे मुख्यतः डॉक्टरांच्या हाती गेले.

म्हणून १९९३ ची व्हिएन्ना मानवाधिकार परिषद महत्त्वाची. तिथून हा विषय स्त्रीवरील हिंसेचा आणि मुलीच्या हक्काचा म्हणून मांडला जाऊ लागला. डिसेंबर २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ही प्रथा संपवण्याचे आवाहन करणारा ठराव एकमताने केला.

हे सारे आफ्रिकेत घडते, अशी आपल्याकडे अनेकांची समजूत. पण मुंबईच्या भेंडीबाजारात दाऊदी बोहरा घरांतल्या मुलींना साधारण सातव्या वर्षी आजी किंवा मावशी खाऊचे, फिरायला नेण्याचे आमिष दाखवून घेऊन जात. जे कापायचे, त्याला नाव होते ‘हराम की बोटी’. आयआयटी मुंबईच्या प्राध्यापक रेहाना घडियाली यांनी बोहरा बायकांशी बोलून १९९१ मध्ये ‘मानुषी’त लेख लिहिला. त्यानंतर वीस वर्षे जवळजवळ शांतता.

ती शांतता मोडली ती ज्यांच्यावर हे घडले त्या बायकांनीच. २०११ मध्ये एका बोहरा स्त्रीने फक्त ‘तस्लीम’ एवढ्या नावाने धर्मगुरूंना ही प्रथा थांबवण्याचे ऑनलाइन आवाहन केले. २०१५ मध्ये मासूमा रानालवी आणि त्यांच्या सोबतिणी स्वतःच्या नावानिशी पुढे आल्या. त्याच वर्षी मुंबईत या प्रथेविरुद्ध काम करणारी ‘सहियो’ ही संस्था उभी राहिली. समाजात बहिष्काराची भीती किती खरी आहे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना नावानिशी पुढे येण्याची किंमत कळेल. ‘सहियो’च्या पाहणीत ३८५ बोहरा स्त्रियांपैकी ८० टक्के स्त्रियांनी आपला खतना झाल्याचे सांगितले, आणि हे पुढे चालू नये असे ८१ टक्क्यांना वाटत होते.

प्रथेची बाजू घेणाऱ्या बोहरा स्त्रियाही आहेत. आमचा ‘खफ्द’ (खतन्याला त्या हेच नाव देतात) म्हणजे निव्वळ टोकाची त्वचा, त्याला विच्छेदन म्हणू नका, असे त्यांचे म्हणणे. त्यांची श्रद्धा खोटी ठरवण्याचे कारण नाही. पण सात वर्षांच्या मुलीच्या शरीरातून औषधोपचाराचे कारण नसताना कण जरी काढायचा, तर तो अधिकार आला कुठून? ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २०१९ मध्ये बोहरा मुलींचेच प्रकरण होते. नुसती टोचणी किंवा लहानसा छेदही गुन्ह्यात मोडतो, असे त्या न्यायालयाने ठरवले. तिथल्या आणि लंडनच्या बोहरा जमातींनी तर आधीच, २०१६ मध्ये, सभासदांना देशाचा कायदा पाळायला लेखी सांगितले होते. जिथे कायदा आहे, तिथे असे पत्र निघते.

भारतात स्वतंत्र कायदा नाही. सुनीता तिवारी यांची या प्रथेविरुद्धची जनहित याचिका २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आली. अशी प्रथा असल्याची कोणतीही अधिकृत आकडेवारी वा अभ्यास नाही, असे महिला व बालविकास मंत्रालयाने त्या डिसेंबरात कळवले. चारच महिन्यांनी महान्यायवादींनी त्याच न्यायालयात सांगितले की हे कृत्य प्रचलित कायद्यानेही गुन्हाच आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये प्रकरण घटनापीठाकडे गेले, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये शबरीमला मंदिरातील स्त्रीप्रवेशाच्या फेरविचारासोबत त्यातले प्रश्न आणखी मोठ्या पीठापुढच्या चर्चेला जोडले गेले.

शबरीमलासारखा देवस्थान आणि स्त्री हा वाद महाराष्ट्रात अहिल्यानगर जिल्ह्यालाही नवा नाही. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावरील प्रवेशासाठी विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि २०१६ च्या गुढीपाडव्याला चौथरा स्त्रियांना खुला झाला. पण तिथे हक्क मागायला जाणत्या बायका उभ्या होत्या. दर्शन घ्यावे की न घ्यावे, हे त्या ठरवू शकत होत्या. खतन्यात जिचे शरीर आहे ती दुसरीत शिकते आहे. दोन्ही प्रश्न एकाच धार्मिक स्वातंत्र्याच्या तागडीत तोलणे तिच्यावर अन्यायाचे आहे.

युनिसेफच्या २०२४ च्या अंदाजानुसार ३१ देशांत २३ कोटींहून अधिक मुली-स्त्रिया या प्रथेतून गेल्या आहेत. त्या यादीत भारत नाही, कारण इथे देशपातळीवर कुणी मोजलेच नाही. आफ्रिकेतल्या घरोघरच्या आरोग्य सर्वेक्षणांत याविषयीचे प्रश्न कित्येक वर्षे विचारले जातात. आपले राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण त्याच घराण्यातले, आणि ते करणारी संस्था मुंबईतच, देवनारला आहे. पुढच्या फेरीत हे प्रश्न घालायला कोणत्याही पीठाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.