इंजिनाचा जीर्णोद्धार

फेअरी क्वीन हे वाफेचं इंजिन १८५५ साली इंग्लंडातल्या लीड्स शहरात तयार झालं. १९०९ मध्ये ते कामावरून निघालं, बरीच वर्षं हावड्याला शोभेला उभं राहिलं, मग चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत आणि तिथून दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात गेलं. १९९७ मध्ये, वयाच्या एकशेबेचाळिसाव्या वर्षी, ते पुन्हा वाफ धरून दिल्ली ते अलवर धावू लागलं आणि नियमित धावणारं जगातलं सर्वांत जुनं इंजिन म्हणून गिनेस बुकात गेलं. पुढं २०११ मध्ये त्याचे सुटे भाग चोरीला गेले. पेरांबूरच्या कारखान्यात नवे घडवून बसवावे लागले आणि २०१७ मध्ये इंजिन परत रुळावर आलं. जन्मसाल मात्र अजून १८५५ च सांगतात. हे खरं मानायचं का, हा प्रश्न वरवर पोरखेळाचा वाटतो. पण जुनी इंजिनं दुरुस्त करण्याचा किंवा घरात इवलीशी रेल्वे उभी करण्याचा नाद ज्यांना आहे, त्यांच्या सगळ्या खटाटोपाच्या तळाशी हाच प्रश्न बसलेला असतो. आपण जपतोय ते नेमकं काय? लोखंड, आकार, की आणखी काही?

लोखंड म्हणावं, तर वाफेच्या इंजिनानं त्या समजुतीला कामावर असतानाच सुरुंग लावला होता. मोठ्या दुरुस्तीला इंजिन कारखान्यात आलं की त्याचा बॉयलर काढून घेत आणि आधीच तयार असलेला, दुसऱ्याच इंजिनातून निघालेला बॉयलर त्याच्यावर चढवत. बॉयलरच्या दुरुस्तीला सर्वांत जास्त दिवस लागतात, तेवढा काळ इंजिन अडकून पडू नये एवढाच हेतू. ब्रिटनचं लाडकं फ्लाइंग स्कॉट्समन १९२३ चं म्हणतात, पण त्याच्या अंगावर किती बॉयलर आले नि गेले. चाकांचंही तेच. इंजिनाच्या चाकाला बाहेरून पोलादी कडं असतं, झिजलं की बदलायचं. कडं तापवून फुगवायचं, चाकावर सरकवायचं आणि निवताना ते आवळून बसू द्यायचं. मराठवाड्यातल्या कंधारच्या पंचक्रोशीत लाकडी चाकाची बैलगाडी होती तोवर लोहार धाव चढवायचा ती याच रीतीनं, फक्त शेणकुटाच्या आगीवर. चार धावा बदललेल्या गाडीला मालकानं दुसरी गाडी म्हटल्याचं कुणी ऐकलं नसेल.

इथं तत्त्वज्ञांना गाडीत घ्यावंच लागतं, कारण गाडी त्यांच्या फार आवडीची. ‘मिलिंदपन्ह’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू यवन राजाला विचारतो की तू रथातून आलास, तर रथ म्हणजे काय? आस, चाकं, जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. शेवटी उत्तर येतं की हे सगळे भाग एकत्र आले की त्यावर ‘रथ’ हे नाव व्यवहारापुरतं ठेवलं जातं, नावामागं दडलेली वेगळी वस्तू नाही. नैयायिकांना हे पटत नाही. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा असा ‘अवयवी’ खरोखर असतो, धाग्यांहून वेगळं कापड खरंच असतं. पण याची किंमत त्यांनाच मोजावी लागते, कारण एक धागा ओढला की जुना अवयवी संपला आणि नवा जन्मला, असं त्यांना मान्य करावं लागतं. म्हणजे पेरांबूरच्या कारागिरानं पहिला बोल्ट बदलला त्याच क्षणी १८५५ चं इंजिन वारलं. एकानं इंजिन नावापुरतं ठेवलं, दुसऱ्यानं ते खरं ठरवून बोल्टागणिक मारलं. मग प्लॅटफॉर्मवरचा माणूस ‘तेच हे’ म्हणतो, त्या प्रत्यभिज्ञेचं काय? बौद्ध म्हणतात, तो साम्यामुळं होणारा भ्रम आहे. दिव्याची ज्योत क्षणाक्षणाला वेगळी असते, आपण तिला एक म्हणतो.

ज्योतीचा दाखला बिनतोड दिसतो, तरी तो अर्धाच आहे. ज्योत वेगळी हे कबूल, पण नंदादीप रात्रभर एकच का म्हणायचा? कारण कुणीतरी उठून तेल घालतं, काजळी झाडतं. ज्योतीला ज्योत जोडणारी गोष्ट ज्योतीत नसून उठणाऱ्या माणसात आहे. आपल्या कर्मकांडानं हे फार पूर्वी ओळखलं होतं. अग्निपुराणात मूर्तीच्या जीर्णोद्धाराचा विधी आहे, आणि तो भावुक अजिबात नाही. जीर्ण मूर्ती लाकडाची असेल तर जाळावी, दगडाची असेल तर पाण्यात टाकावी आणि तिच्या जागी तेवढ्याच मापाची, त्याच द्रव्याची नवी मूर्ती त्याच दिवशी बसवावी. जीर्णोद्धाराच्या परंपरेत मधल्या वेळात देवत्व कलशात उतरवून ठेवतात आणि तिथून नव्या मूर्तीत आणतात. जुन्या दगडाचा मोह नाही, पण माप, द्रव्य आणि विधी यांत तडजोडही नाही. देव एकच राहिला तो कलश न फुटल्यामुळं.

इंजिनाचा कलश कोणता? माझ्या मते ते चालवता आणि घडवता येणाऱ्यांची अखंड साखळी. थंड बॉयलर एकदम तापवायचा नसतो. पत्रे आणि नळ्या असमान फुगून सांधे गळू लागतात, म्हणून कित्येक तास हळूहळू आग वाढवावी लागते. फायरबॉक्सच्या छतावरचं पाणी एका ठरावीक पातळीखाली गेलं तर छत तापून लाल होतं आणि खचतं. तसं होण्याआधी शिशाचा प्लग वितळून वाफ आगीवर सुटावी, अशी सोय असते, पण प्लग वितळू देणं ही फायरमनची नाचक्की. काचेच्या नळीतलं पाणी चढावर एक दाखवतं, उतारावर दुसरं, आणि त्यातलं खरं किती हे नजरेला कळावं लागतं. हे पुस्तकात छापता येतं, पण पुस्तकातून पूर्ण शिकता येत नाही. नियमित धावणारी ब्रॉडगेजची वाफगाडी भारतात १९९५ मध्ये थांबली. पुढं हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमध्ये जुनी इंजिनं पेटती ठेवली, आणि या नळीकडं पाहणारी नजरही त्यांच्याबरोबर राहिली. तिथं इंजिनांच्या आडून माणसंच जपली गेली, असं मला वाटतं.

हे मान्य केलं तर एक विचित्र निवाडा द्यावा लागतो. ब्रिटनमध्ये ए-वन जातीची सगळी एकोणपन्नास इंजिनं भंगारात गेली, एकही उरलं नाही. तेव्हा हौशी मंडळींनी वर्गणी काढून, जुन्या आराखड्यांवरून पन्नासावं नव्यानं बांधलं. ‘टोर्नाडो’ नावाचं हे इंजिन २००८ मध्ये धावलं. दुसऱ्या बाजूला आपल्याकडं कितीतरी स्टेशनांबाहेर काळा रंग फासलेलं, चौथऱ्यावर ठेवलेलं अस्सल जुनं इंजिन दिसतं. बहुतेकांचा बॉयलर कायमचा थंड, शिटी मुकी. लोखंड त्यांचं खरं, टोर्नाडोचं नवं. तरी परंपरेचा वारस कोण असं विचाराल तर मी टोर्नाडोकडं बोट दाखवीन.

यावर पुराणवस्तुशास्त्राचा आक्षेप येतो, आणि तो भारदस्त आहे. जुनं लोखंड ही साक्ष आहे. त्यावरचा हातोड्याचा ठसा, कारखान्याचा शिक्का, झिजलेली कड हे सगळं दुरुस्तीत पुसलं जातं, आणि चालतं इंजिन म्हणजे रोज थोडी थोडी नष्ट होणारी साक्ष. याचं उत्तर देण्याआधी कंधारला जावं. राष्ट्रकूटांचं हे कंधारपूर, तिसऱ्या कृष्णाच्या शिलालेखाचं गाव. जवळच मानसपुरीला एका प्रचंड मूर्तीचे अवशेष सापडले. ती क्षेत्रपालाची असावी असं अभ्यासक मानतात. हात, पाय असे तुकडेच माणसाला खुजं करतात, सगळी मूर्ती उभी असताना काय दृश्य असेल याचा नुसता अंदाज बांधायचा. आता ही मूर्ती नवा दगड आणून पुन्हा उभी करावी का? मी नको म्हणेन, आणि इंजिनाला हो म्हणेन. यात दुटप्पीपणा दिसेल, पण कसोटी एकच आहे. क्षेत्रपालाचा कलश फुटला आहे. त्याला घडवणारे हात, त्याचे उपचार, त्याचा पुरा चेहरासुद्धा आपल्यापर्यंत आलेला नाही. जे उभं राहील तो आपला तर्क असेल, आणि त्या तर्काच्या वजनाखाली उरलेली साक्ष चिरडली जाईल. जिथं साखळी तुटली तिथं तुकड्यांना तुकडेच राहू द्यावं. जिथं एक जरी हात शिकवायला उरला आहे, तिथं साक्षीसाठी त्या हाताला बेकार करणं मला जास्त मोठी नासधूस वाटते. अर्थात एकुलतं एक, पहिलं, अजून न उकललेलं यंत्र असेल तर संग्रहालयानं ते काचेआड ठेवावं. त्या बाबतीत माझा वाद नाही.

मग छोटी रेल्वे? पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. रूळ, सिग्नल, गावं, घाट, सगळं इवलं आणि चालतं. अशा कामात जगभर सर्वांत रुळलेलं माप १:८७, आणि त्याच्या रुळांची रुंदी १६.५ मिलिमीटर. हिशेब केला की हे रूळ युरोपच्या १४३५ मिलिमीटरच्या मार्गाचे निघतात. आपली ब्रॉडगेज १६७६ ची, म्हणजे ती १९ मिलिमीटरच्या पुढं जायला हवी. म्हणून बाजारचे रूळ आणून देशी गाडी करणाऱ्याला पहिल्याच दिवशी खोटेपणा पत्करावा लागतो. पण दुसरा खोटेपणा जास्त विचार करायला लावणारा आहे. लांबी सत्याऐंशी पटीनं घटली की वजन सत्याऐंशीच्या घनानं, म्हणजे साडेसहा लाखांहून अधिक पटीनं घटतं. तीस टनी इंजिनाचं चोख प्रमाणातलं रूप पंचेचाळीस ग्रॅम भरेल, आणि ते डबे ओढण्याऐवजी जागीच चाकं फिरवत राहील. म्हणून कारागीर आत शिशाचे तुकडे भरतो. दिसण्यात खरं राहायचं तर असण्यात खोटं व्हावं लागतं. देवघरातल्या टाकाला ही अडचण कधी पडली नाही. अंगठ्याएवढ्या पत्र्यावर खंडोबा घोड्यासकट मावतो, घोड्याचं प्रमाण कुणी मोजत नाही, आणि हाताळून झिजलेला टाक सोनाराकडून नवा करून घेतला तरी कुलदैवत बदलत नाही. टाक प्रतिकृती नसून भेटीची जागा आहे. छोटी रेल्वेही त्याच जातीची. तिच्यात इंजिन जपलं जात नाही, इंजिनांमधले संबंध जपले जातात. सिग्नल पडल्याशिवाय गाडी सुटत नाही, एकेरी मार्गावर एकीनं दुसरीसाठी थांबायचं, ही शिस्त चौथऱ्यावरच्या एकट्या इंजिनाला दाखवता येत नाही.

आणखी एक आक्षेप उरतो आणि मराठवाड्यात तो टाळून चालणार नाही. हा पोट भरलेल्यांचा नाद, आणि तोही गोऱ्या साहेबाच्या यंत्राचा. छोट्या रेल्वेत कोळशाची धूळ नाही, फायरमनचे भाजलेले हात नाहीत. वेदना गाळून उरलेली गंमत तेवढी जपायची, हे कसलं जतन? यातला कष्टांचा भाग मी पुरता मान्य करतो. छोटी रेल्वे इथं खरंच कमी पडते, चालतं इंजिन कमी पडत नाही, कारण ते आजही अंग भाजतं. साहेबाचा भाग मात्र तितका सरळ नाही. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं बार्शी लाइट रेल्वे काढली. १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीला पहिली गाडी गेली, आणि तिची सुरुवातीची इंजिनंही फेअरी क्वीनसारखीच लीड्सच्या किटसन घराण्याची. १९११ मध्ये ती लातूरला पोचली, १९२७ मध्ये मिरजेला. मार्ग ७६२ मिलिमीटरचा, चिमुकला. लातूरच्या व्यापाऱ्यानं आणि पंढरीच्या वारकऱ्यानं ती इतकी वापरली की मूळ मालकी कागदावरच राहिली. विसाव्या शतकाअखेर आणि पुढं रूळ उखडले, ब्रॉडगेज आली, काही ठिकाणी वाटही वळली. आणि २०१६ च्या दुष्काळात साधारण त्याच वाटेनं मिरजेचं पाणी टँकरच्या वाघिणींतून लातूरला आलं. त्या मार्गात कॅल्थ्रॉपचा एकही खिळा शोधून सापडणार नाही. तरी मार्ग तोच म्हणायला माझी जीभ अडखळत नाही, कारण एका गावाची गरज दुसऱ्या गावानं वाहून नेण्याचं काम तिथं खंडलं नाही.

गंमत अशी की बार्शी लाइटचं ७६२ मिलिमीटरचं माप १:८७ नं भागलं की पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास येतं, आणि ९ मिलिमीटरचे रूळ बाजारात तयार मिळतात. ब्रॉडगेज दगा देते, छोटी लाइन जवळजवळ चोख बसते. एखाद्या हौशी माणसानं लातूरची ही छोटी लाइन फळीवर मांडली, तर ती पुढं कंधारवरून नांदेडपर्यंत नेण्याचा मोह त्याला होईलच. कंधारला आजही रेल्वे नाही, गाडी पकडायची तर नांदेड गाठावं लागतं. ते अंतर पन्नासेक किलोमीटरचं, म्हणजे १:८७ नं पावणेसहाशे मीटर. एवढी फळी कुणाच्याच घरात मावत नाही, त्यामुळं तो अंतर बेधडक आखडेल, या खेळाला तेवढी सूट आहे. मग किल्ल्याचा खंदक, जगत्तुंग तलावाचं निळं पाणी आणि काठावर पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत ‘कंधार’. ही कशाची प्रतिकृती? मूळ वस्तूच नाही, जीर्ण झालेलं काही नाही, कलशात उतरवायला काही नाही. नैयायिक तिला आकाशपुष्पाच्या यादीत टाकतील. पण कंधारचा माणूस त्या पाटीसमोर उभा राहिला तर तो ओळखणार नाही असं मला छातीठोक म्हणता येत नाही, आणि न झालेल्या गोष्टीच्या ओळखीला प्रत्यभिज्ञा म्हणायचं की नाही, यावर नागसेनाचं मत विचारायला मला फार आवडलं असतं.